नळी काढण्याचा मुहूर्त

“शिवे, पाणी पिऊ नको गं. बाहेर निघायचंय.”

आईचा हा आवाज अजून कानात आहे. भूमच्या बाजाराला जायचं असो, पाव्हण्यांच्या लग्नाला जायचं असो, दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी ती माझ्या हातातला तांब्या काढून घ्यायची. लई तहान लागली म्हटलं, तर पदराचं टोक पाण्यात बुडवून ओठांवरून फिरवायची. मी लेकरू नव्हते, उन्हाळ्यात जगवायचं रोप होते. जात्यावर बसली तरी तिच्या ओवीत तेच:

लांब गावाच्या गं वाटं, नको पिऊ गार पानी
उघड्या माळावरी बाई, न्हाई बाभळ शहाणी

शहाणी बाभळ म्हणजे जिच्या आडोशाला बाईमाणसाला घडीभर बसता येतं ती. आमच्या भूमकडच्या माळावर बाभळी आहेत, नाही असं नाही, पण सगळ्या बिनअकली. वर काटा, खाली उजेड. त्यामुळं धीर धरणं ही विद्या मी बाराखडीच्या आधी शिकले.

पुढं मी शिक्षिका झाले. आमच्या शाळेला स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप आहे. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगमध्ये असतात. दारावर ‘स्वच्छतेतून समृद्धीकडे’ असं मीच पोरांकडून रंगवून घेतलंय. चौथीच्या वर्गाला ‘रोज भरपूर पाणी प्यावे’ हा धडा दरवर्षी शिकवते, तोही कोरड्या घशानं. पोरींना तो पाठ आहे. पाणी मात्र त्याही पीत नाहीत. पोरी हुशार असतात. त्या धडा कमी आणि बाईंचं तोंड जास्त वाचतात.

तर अशी सगळी विद्या अंगात मुरलेली असताना माझ्या गर्भपिशवीत गाठी निघाल्या. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी काढायला सांगितली, आणि काढली. त्याची कथा करण्यात अर्थ नाही. आमच्या भागात बायकांच्या पिशव्या सुगीतल्या ज्वारीसारख्या निघतात. कुणी ‘का’ विचारत नाही, ‘कुठं काढली’ एवढंच विचारतात. माझी कथा नंतरच्या नळीची आहे.

शुद्ध आली तेव्हा कमरेखालचं शरीर कुणीतरी उसनं नेल्यासारखं बधिर होतं. खाटेच्या कडेला एक प्लास्टिकची पिशवी लोंबत होती, आणि माझ्याकडून निघालेल्या नळीतून तिच्यात लघवी आपोआप उतरत होती. कुणाला विचारणं नाही, उठणं नाही, आडोसा नाही, कडी नाही, पहारा नाही. खरं सांगते, पहिले काही तास मी सुखात होते. मोनिका सिस्टरकडं मी आपण होऊन पाणी मागितलं. ते प्याले आणि परत मागितलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा पोटभर पाणी प्यावं आणि त्यासाठी तिचं पोट आधी फाडावं लागावं, हा हिशेब देवानं कुठल्या शाळेत शिकला कोण जाणे.

सुखाला पहिली दृष्ट लागली ती घरच्यांचीच. माझे यजमान सिद्धाराम पाटबंधारे खात्यात आहेत. माकणीच्या धरणावर किती पाणी आलं, किती सोडलं, हे वर कळवणं हे त्यांचं काम. माणूस वाईट नाही. फक्त जगातल्या प्रत्येक गोष्टीकडं तो धरण म्हणून बघतो. त्यांनी खाटेच्या कडेची पिशवी वाकून पाहिली, मान डोलावली, आणि ‘बिराजदार परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं: “सौ. शिवलीला यांची प्रकृती स्थिर. आवक चांगली. विसर्ग समाधानकारक.”

या ग्रुपवर सोलापूरपासून गुलबर्ग्यापर्यंतचे सोयरे आहेत. ज्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, त्या चुलत सासऱ्यांनी माझ्या विसर्गाला हात जोडले. एकानं फूल टाकलं. एकानं विचारलं, “रंग कसा?”

भेटायला येणारी माणसंही आधी खाली, पिशवीकडं बघायची, मग वर, माझ्या तोंडाकडं. तोंडाकडं बघून म्हणायची, “आता बरं दिसतंय.” मला कळायचं की ते तोंडाविषयी बोलत नाहीत.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी नळी काढायची. उगाच ठेवायची नाही. ती जितकी आत राहील तितका जंतूंना रस्ता मोकळा.”

आता दोष द्यायचा तर पंचांगाला द्या. दुसऱ्या दिवशी येळवस होती.

येळवस म्हणजे काय हे लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खा मुलूख शेतात जातो. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा करतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खातात, आंबील पितात, आणि शहरं ओस पडतात. त्या दिवशी लातुरात चोरसुद्धा चोरी करत नाही, कारण तोही कुणाच्या तरी शेतात आंबील पीत असतो. सकाळी वॉर्डात बघते तर मोनिका सिस्टर नाही, डॉक्टरीणबाई नाहीत, आणि यजमानही नाहीत. ते थोरल्या भावजींबरोबर पूजेला माकणीला गेले होते. रात्रीच जाताना म्हणाले होते, “नळी आहे तोवर काही अडत नाही. उलट सोय आहे. राहू दे.” सोय कुणाची ते त्यांनी स्पष्ट केलं नाही, पण बायकोला संडासापर्यंत धरून नेताना वॉर्डातल्या माणसांनी बघावं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

राखायला म्हणून एक अनोळखी सिस्टर होती. मी तिला म्हटलं, “नळी काढायला सांगितलंय.”

“सांगितलं असंल. लिहिलं न्हाई.”

“तोंडी सांगितलं ना, माझ्यासमोर.”

“मॅडम, तुमी शाळेत तोंडी हजेरी लावता का?”

आपल्याच खात्याचा न्याय समोरून आला की माणूस गप्प बसतो.

सोबतीला आमची शेजारीण गौराबाई होती. आमच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, दवाखान्याला पाय लावायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, दवाखान्यात एकदा गेलेली बाई अर्धीच परत येते. म्हणून गौराबाई आली. ती दिवसभर खाटेच्या पायथ्याशी बसून न मिळालेल्या भज्जीबद्दल बोलत राहिली. “आत्ता पूजा झाली असंल बघ. आत्ता पंगत बसली असंल. आंबील घोटायला आमच्यात माझ्याशिवाय कुनाला जमत न्हाई. तुझ्या नळीपायी माझी येळवस गेली, शिवलीलाबाई.” मी तिची माफी मागितली. नळी जिच्या अंगात तिनंच माफी मागायची, हाही रिवाज आहेच.

येळवस उरकून लोक परतले. डॉक्टरीणबाई आल्या आणि पिशवी बघून कपाळाला हात लावला. “अजून आहे?” मग सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

नळी निघाली. “आत टोकाला बारका फुगा असतो,” मोनिका सिस्टर म्हणाली. “त्यातलं पाणी काढलं की नळी सुटते.” तसंच झालं. दुखलं फारसं नाही. मग ती म्हणाली, “आता भरपूर पाणी प्या, आणि लघवी झाली की मला सांगा. झालीच पाहिजे. न्हाई झाली तर परत घालावी लागंल.”

तिनं हे ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात आमच्याकडं बोअर लागल्याची बातमी सांगतात. सगळ्या वॉर्डाला ती जाहीर झाली. त्या क्षणापासून प्रत्येक खाटेवरची नजर माझ्यावर. शेजारच्या बाईच्या भावानं तर तोंड धुवून आल्यावर सहज विचारलं, “ताई, झाली का?”

संडास वॉर्डाच्या टोकाला होता. कडी तुटलेली, तिच्या जागी बँडेजची पट्टी बांधलेली. दाराबाहेर माणसं टूथब्रश तोंडात घालून उभी. आता इथं माझ्या विद्येनं काम सुरू केलं. वाट अवघड दिसली की पाणी पिऊ नये. यजमानांनी आणलेली पाण्याची बाटली मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिली. तिला तहान होती, आणि मला संस्कार होते. यजमान परत आले, रिकामी बाटली बघितली आणि सिस्टरला अभिमानानं म्हणाले, “पूर्ण प्यायल्या.” नवऱ्याचा शब्द चारचौघांत खोटा पाडू नये, हाही त्याच शाळेतला धडा.

मग मी आत जाऊन बसले. बाहेर यजमानांनी बेसिनचा नळ सोडला, कारण धारेचा आवाज ऐकला की धार येते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते मधेच खाकरत होते, म्हणजे मला कळावं की ते आहेत. ते आहेत हीच तर अडचण होती. गौराबाईनं त्याहून पुढं जाऊन, तान्ह्या लेकरांना करतात तसं दाराला तोंड लावून “शू… शू…” सुरू केलं. तिच्या त्या आवाजानं वॉर्डातलं एक लेकरू आईच्या मांडीवर सुरू झालं. माझं काही झालं नाही.

ठरलेली वेळ टळली. मोनिका सिस्टरनं पोट दाबून बघितलं. “फुगलेलं तर वाटत न्हाई,” ती स्वतःशीच म्हणाली. मग ऑपरेशन करत असलेल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तिकडून घाईत निरोप आला: घाला परत, नळीसकट घरी सोडा, नंतर बघू. दुसऱ्यांदा नळी घालताना दुखलं. शरीराला पहिल्या वेळी माहीत नसतं, दुसऱ्या वेळी माहीत असतं.

ग्रुपवर संदेश गेला: “विसर्ग झाला नाही. नळी पूर्ववत.” त्याला सगळ्यांत जास्त हात जोडले गेले.

घरी, माकणीला, मी भाड्याच्या गाडीतून आले. मांडीशेजारी लघवीची पिशवी, आणि ती दिसू नये म्हणून गौराबाईनं तिच्यावर एका लग्नात आहेर म्हणून मिळालेली कापडी पिशवी चढवलेली. तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं, “चि. योगीराज व चि. सौ. कां. राजनंदिनी. आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.” पुढचे सगळे दिवस मी या नवरा-नवरीला खांद्याला अडकवून फिरले. कुणाच्या संसाराची अशी सोबत मला कधी मिळाली नव्हती.

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं यायचं नसतं. म्हणून आमच्या घरात बिस्किटांचे पुडे आणि शहाळी यांची रांग लागली. एक दूरच्या नात्यातल्या म्हाताऱ्या आत्याबाई आल्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, आणि आणलेला बिस्किटांचा पुडा प्रेमानं राजनंदिनीच्या पिशवीत टाकला. वर म्हणाल्या, “ऊन ऊन हाय गं पिशवी. भाकरी आणलीस का कुठनं?” मी म्हटलं, “व्हय.” दुसरं काय म्हणणार.

सल्ल्यांना तर मोजदाद नव्हती. गौराबाईचं धन्या-जिऱ्याचं पाणी. कुणाचं जवाचं पाणी. कुणाची बेंबीवर ओली चिंधी. थोरले भावजी शरणबसप्पा यांचा दातांच्या दवाखान्याशी संबंध आला होता, त्यामुळं वैद्यकीय बाबतीत त्यांचा शब्द घरात शेवटचा. ते म्हणाले, “नळी काढायची घाई नको. चांगला दिवस बघू. गेल्या वेळी अमावास्या लागली म्हणूनच बिघडलं.” मी म्हटलं, “अमावास्येला काढली नाही म्हणून बिघडलं.” ते माझ्याकडं असे बघत राहिले, जसा वर्गात एखादा पोरगा शिक्षकाची चूक काढतो तेव्हा शिक्षक बघतो.

चांगला दिवस निघायच्या आत मला थंडी भरली. दात वाजायला लागले, अंगाची भट्टी झाली, आणि नळीतलं पाणी गढूळ दिसायला लागलं. यजमानांनी तो गढूळपणा बघितला आणि या वेळी ग्रुपवर काही टाकलं नाही. त्यावरून मला कळलं की ते घाबरलेत. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

“जंतू शिरले,” त्या म्हणाल्या. “औषध पाठवते, आणि ती नळी आता काढायचीच. एक सांगा, त्या दिवशी नळी काढल्यावर पाणी किती प्यायलात?”

खोलीत यजमान होते, भावजी होते, गौराबाई होती, दारात अव्वा होत्या. मी म्हटलं, “घोटभर.”

“घोटभर? का?”

“कडी नव्हती.”

त्या हळू म्हणाल्या, “अहो, मूत्राशय रिकामं होतं. रिकाम्यातून येणार काय? आम्ही भरलेलं समजून परत नळी घातली.” पुढं म्हणाल्या, “माझी पण चूक झाली. तुम्हाला स्वतःला विचारायला हवं होतं.”

माझ्या आजारपणात हे एवढं एकच वाक्य मला औषधासारखं लागलं.

गावच्या उपकेंद्रातली प्रतीक्षा सिस्टर घरी येऊन नळी काढून गेली. जाताना बजावून गेली, “मॅडम, आता खरंच पाणी प्या. दुपार टळायच्या आत लघवी झाली तर सुटलात. न्हाई झाली तर थेट लातूर. आन ह्या वेळी घातली तर ती लवकर निघायची न्हाई. घरीदारी, शाळेत, सगळीकडं संगंच.”

मी प्याले. तांब्यामागून तांब्या प्याले. धरणाकाठच्या गावात राहून मी पहिल्यांदाच पाणी पीत होते. पोट तुडुंब झालं, ओटीपोटात कळा यायला लागल्या, आणि मी आमच्या संडासाकडं निघाले.

आमचा संडास घराच्या पुढच्या फाटकाला लागून आहे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवी घरं मिळाली तेव्हा आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांना तो तिथंच मिळाला. ज्यानं नकाशा काढला त्याला माणूस म्हणजे पुरुष एवढंच माहीत असावं. दारासमोर लिंबाचा कट्टा आहे, कट्ट्यावर सावली, सावलीत माणसं. तो वापरायला लागले तेव्हापासून मी तिथं जायचं म्हणजे कट्टा मोकळा होण्याची वाट बघत आलेय. अंधार पडायची वाट बघत आलेय. आज कट्ट्यावर भावजी होते, यजमान होते, लातूरला न्यायची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर होता, आणि काय चाललंय हे बघायला आलेली आणखी दोघं-तिघं होती.

मी आत गेले. कडी लावली. आपल्या घरची कडी, चांगली लोखंडी. आणि बसले.

काही नाही.

कळ येत होती, मी घामानं भिजत होते, पण बाहेर भावजी कुणाला तरी फोनवर सांगत होते, “आत्ता गेल्यात आत. बघू.” यजमान ड्रायव्हरला समजावत होते, “दरवाजे गंजलेले असतात हो. उघडायला वेळ लागतो. एकदा उघडले की मग काही नाही.” ड्रायव्हर म्हणाला, “पर साहेब, अंधार पडायच्या आत निघालं तर बरं. वाटंला गर्दी असती.” गौराबाईनं तेवढ्यात अंगणातला नळ सोडला. आत माझ्या शरीराला एकच गोष्ट येत होती. ती म्हणजे धरून ठेवणं. ती त्याला इतकी वर्षं शिकवली होती की आता सोड म्हटलं तर त्याला सोडता येईना. मनात आपोआप ओवी जुळली. हसू आलं नाही.

भरलं गं धरण काठोकाठ, दार कुनी उघडावं
सारे बसले वाटंला बाई, पान्यानं कुठं निघावं

तेवढ्यात अव्वांचा आवाज आला. अव्वा म्हणजे मल्लम्मा बिराजदार, तुसड्या, ताठ, आयुष्यात मला दोनदासुद्धा बरं म्हटलं नाही अशा. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगाराच्या आधी त्यांनी जळण म्हणून संडासात साठवलेल्या तुरीच्या काड्या बाहेर काढायला लावल्या होत्या, तेव्हापासून आमचं फारसं बोलणं नव्हतं.

“उठा रं सगळे,” त्या म्हणाल्या.

“अव्वा, आम्ही काळजीनं बसलोय,” भावजी म्हणाले.

“काळजी तकडं देवळापाशी जाऊन करा. सिद्धू, तू बी. ड्रायव्हरला घेऊन जा. तुमच्यासमोर गाय तरी मुतंल का?”

“अन् मी, अव्वा?” गौराबाईनं विचारलं.

“तू नळ बंद कर आन घरी जा. पाणी फुकट चाललंय.”

पायांचे आवाज लांब गेले. नळ थांबला. संडासाच्या पायरीवर कुणीतरी सावकाश, अडखळत, कण्हत बसलं.

“शिवलीला.”

“जी.”

“मी हाय हितं. पाठमोरी बसलीया. तुझ्याकडं बघत न्हाई.”

दार मधे होतं, तरी त्यांनी ते सांगितलं. लिंबावर कावळा ओरडत होता.

“आलं का?”

“नाही.”

“मंग ऐक.” पदरानं तोंड पुसल्यासारखा आवाज आला. “तू दवाखान्यात निगालीस तवा मी लई बोलले. अर्धी हून येशील म्हनले. तुझ्यासाठी न्हवते बोलत.”

“मग?”

“माझंच आंग भायेर येतंय, पोरी.”

मी आत दाराची लोखंडी कडी धरून बसले होते. ती गार लागली.

“सिद्धूच्या पाठीवर एक झालं हुतं. ते गेलं. आठवडा व्हायच्या आत सासूनं खुरपायला लावलं. तवापास्नं हाय. आदी जरासं हुतं. आता बसलं की पिशवीच हाताला लागती. आत सारायची आन उठायचं. खोकला आला की लुगडं वलं. मंग फडकं बांधते. ते धुते आन कडब्याच्या गंजीमागं वाळू घालते, कुनाला दिसू नगं. मला वाटलं, बायांचं असंच असतंया. कुनाला इचारू? म्हाताऱ्याला सांगितलं न्हाई. तो मेला तरी सांगितलं न्हाई.”

त्या बोलत असताना माझ्या अंगातली कुठलीतरी जुनी गाठ मला न विचारता ढिली झाली. आधी जळजळलं, मग थेंब, मग धार. इतकी वर्षं दाबलेलं सगळं एकदम निघाल्यासारखं मला वाटलं. आवाज मला ऐकू आला. त्यांनाही ऐकू आला असणार, कारण त्या गप्प झाल्या, आणि मी डोळे पुसले.

देवळाकडून भावजींची हाक आली. “अव्वा, झालं का? का गाडी चालू करू?”

“न्हाई अजून,” अव्वा मोठ्यानं म्हणाल्या. “बसा तकडंच.”

मग दाराला टेकून, अगदी हळू, त्यांनी उरलेलं सांगितलं.

“तुज्या त्या डॉक्टरीणबाईला मला बी दाखवशील का? पुरुषाला न्हाई, त्या बाईलाच. आन लवकर दाखव. लई दुखतंय गं.”